तीनशे अठ्ठ्याऐंशी कशाचे?

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आलेले झाडून सगळे पायांच्याच दुखण्याचे. कुणाचा पाय सुजलेला, कुणाचा गार पडलेला, कुणाच्या पोटऱ्या चार पावलांत भरून येणाऱ्या. काठ्या खुर्च्यांना टेकवून सगळे जण माना वर करून भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे बघत होते.

पडद्यावर जाळीसारखं चित्र होतं. फिकट चकत्या एकमेकींना खेटून बसलेल्या आणि त्यांच्या सांदीसांदीत लाल ठिपके. व्यासपीठावर बेकरीवाल्या आजी बसल्या होत्या. त्यांचा उजवा पाय मोज्यासकट समोरच्या पेटीत, काळ्या कापडाखाली होता. ही त्यांची शेवटची बैठक. त्यांच्या पायाची आतापर्यंतची चित्रं एकापाठोपाठ एक पडद्यावर येत होती आणि कोपऱ्यातला आकडा चढत होता. दोनशे बारा. दोनशे चाळीस. दोनशे नव्वद. तीनशे एक्केचाळीस. शेवटच्या चित्रात लाल ठिपक्यांची नुसती दाटी झाली आणि आकडा थांबला तीनशे अठ्ठ्याऐंशीवर. आजींच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

“मी चमत्कार करत नाही,” पांढऱ्या कोटातला माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला. लोक त्याला जाळीवाले सर म्हणत. “चमत्कार करतात ते भोंदू. त्यांच्यापासून चार हात लांब राहा. मी फक्त मोजतो. तुमच्या पायातल्या केशवाहिन्या, म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्या, झोपी गेल्या आहेत. माझ्या लहरी त्यांना उठवतात. माझ्यावर विश्वास ठेवू नका. संगणकावर ठेवा.”

हे लोकांना फार आवडलं. माझ्यावर विश्वास ठेवू नका म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायला कसलेच कष्ट पडत नाहीत.

शेवटच्या रांगेत मोजणीबाई बसली होती आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शेजारी तिचा दादा होता. तो टाळ्या वाजवून झाल्यावर तिच्याकडे अभिमानाने बघत म्हणाला, “बघितलंस ठमे? तुझंच यंत्र.”

मोजणीबाई हे तिचं कामावरचं नाव. एका संशोधन संस्थेत तिची बावीस वर्षं गेली होती. स्नायूचा मोहरीएवढा तुकडा गोठवायचा, त्याचे पापुद्र्यासारखे काप काढायचे, काचेवर चढवून रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे फोटो घ्यायचे आणि त्यांतल्या केशवाहिन्या संगणकाकडून मोजून घ्यायच्या, हे तिचं काम. आणि पडद्यावरचं ते चित्र तिचं होतं. तिच्यासारखं नव्हे, तिचंच. कापाच्या वरच्या कोपऱ्यातून एक बारीक पांढरी रेघ तिरकी खाली आली होती. त्या आठवड्यात तिच्या पात्याला खाच पडली होती आणि खाच पडलेलं पातं प्रत्येक कापावर अशी रेघ ओढतं. रेघेच्या टोकाला, पानाचा कोपरा दुमडावा तशी एक घडीही होती. आजींच्या पाचही चित्रांत तीच रेघ, तीच घडी. नंतर एक मोटारचालक बसला, मग एक शिक्षिका बसल्या. चित्र कधी आडवं झालं, कधी उलटं झालं, पण रेघ काही हटली नाही. पाचव्या नंबरला दादाने पेटीत पाय घातला आणि दादाच्या पायातही तीच रेघ निघाली.

तिला दोन वर्षांपूर्वीचा दिवस आठवला. संस्थेने लोकांसाठी प्रदर्शन भरवलं होतं. तिथे तिने स्वतः एक तक्ता केला होता: एकाच काचेचे पाच फोटो, पाच वेगवेगळे आकडे, आणि वर ठळक अक्षरांत, ‘यंत्र कसं फसवलं जातं’. एक गृहस्थ तक्त्यासमोर बराच वेळ रेंगाळले होते. त्यांनी बारीकसारीक शंका विचारल्या, फोटो काढून घेतले आणि “फार छान समजावता हो तुम्ही” असं म्हणाले. तिला तो आनंद दिवसभर पुरला होता. आता त्याच गृहस्थांनी पांढरा कोट चढवून वरचं वाक्य कापून टाकलं होतं आणि खालचे पाच आकडे व्यासपीठावर मांडले होते. फसवणूक ओळखावी म्हणून तिने जे शिकवलं, तेच कुणीतरी फसवायला शिकून गेलं होतं.

दादा शिंपी. आई गेली तेव्हा मोजणीबाई नऊ वर्षांची होती, आणि तेव्हापासून तिची फी, पुस्तकं, चष्मा, सगळं दादाच्या पायाने चालवलेल्या शिवणयंत्रातून निघालं. तोच उजवा पाय आता साखरेच्या आजाराने धरला होता. महिन्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, “करंगळी काळी पडली आहे, ती जाऊ दे. वरची तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी करू. पाय वाचेल. उशीर केलात तर बोटावर भागणार नाही.” तारीखही दिली होती. त्या तारखेला दादा दवाखान्याऐवजी या सभागृहात आला. मोजणीबाईने भांडून पाहिलं, तेव्हा तो म्हणाला होता, एकदा येऊन बघ तरी.

ती आली, बघितलं, आणि दुकानात परत आल्यावर तिने सगळं सांगितलं.

“संगणकाला केशवाहिनी कळत नाही, दादा. त्याला आपण सांगतो, एवढ्याहून गडद दिसेल तो ठिपका मोज. ती मर्यादा एका सरकपट्टीने मी ठरवते. पट्टी ढिली केली की डाग, कचरा, तंतूंच्या कडा, सगळंच मोजलं जातं. चाळणीची भोकं मोठी केली की कोंडाही खाली येतो. म्हणून पीठ वाढतं का? आणि तुझ्या पायाचा तुकडा त्याने काढलाय कुठे? मोज्यावरून कुणाच्या केशवाहिन्या दिसत नाहीत.”

दादाने सुईत दोरा ओवून घेतला, मग चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. “हे तू आज सांगतेस. बावीस वर्षं घरी काय सांगायचीस? माणूस खोटं बोलेल, माझं यंत्र बोलणार नाही.”

ती हे म्हणायची. आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला म्हणायची आणि दादा शेजारी बसून मान डोलवायचा. खरं तर संस्थेत तिच्या संगणकाच्या कडेला तिच्याच हस्ताक्षरात एक कागद डकवलेला होता: ‘पहिल्या काचेनंतर पट्टीला हात लावायचा नाही’. काचांवरची नावंही झाकलेली असत, मोजणाऱ्याला कुणाचा तुकडा ते कळू नये म्हणून. यंत्र खोटं बोलू शकतं, म्हणूनच तर एवढे पहारे. पण पहाऱ्यांच्या गोष्टी घरी कोण सांगतं? घरी माणूस बढाई मारतो, आणि तिनेही मारली होती.

“वन्सं, भांडू नका,” वहिनी आतून म्हणाली. “महिनाभर हे कण्हत होते. आता गाढ झोपतात. दुखणं गेलं, एवढं तर खरं ना?”

“डॉक्टरीणबाईंना विचारलं मी. त्या म्हणाल्या, दुखत नसेल तर आधी घेऊन या.”

“म्हणजे दुखलं तरी वाईट आणि नाही दुखलं तरी वाईट. डॉक्टरांचं बरं असतं.”

घरच्यांचा राग यावा, तर ती माणसं वाईट नव्हती. त्यांना फक्त पाय हवा होता, आणि एक माणूस हो म्हणत होता.

मोजणीबाईने पुढचे दहा दिवस पायाला भिंगरी लावली. प्राध्यापकांना चित्रं दाखवली. ते फार संतापले आणि त्यांनी आरोग्य खात्याला एक कडक पत्र लिहिलं. पत्राला जावक क्रमांक मिळाला. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तक्रार कुणाची? ज्यांचे पाय आहेत, ते तर टाळ्या वाजवताहेत.” रोज संध्याकाळी ती दुकानात जायची आणि दादाचा मोजा बघायची. तो काढू द्यायचा नाही. सरांनी सांगितलं होतं, सातवी बैठक होईपर्यंत मोजा उतरवायचा नाही, लहरी विखुरतात.

शेवटी तिला मदत मिळाली ती संस्थेच्या फाटकावर. तिथे एक पहारेकरी काका बसत. तरुणपणी कारखान्यात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता आणि त्या जागी लाकडी पाय होता. त्यांनी मोजणीबाईचं तोंड बघून चौकशी केली, सगळं ऐकलं आणि पायावर टकटक केलं. “मोजा घालूनच ठेवायचा म्हणता ना? मग जाऊ की आपण. याचंही बघू काय निघतं ते.”

सातव्या बैठकीला सभागृह आणखी भरलं होतं. दादा पुढच्या रांगेत, नवा सदरा घालून. मोजणीबाई त्याच्या शेजारी. नंबर आधी काकांचा लागला. ते लंगडत व्यासपीठावर चढले, खुर्चीत बसले आणि विजारीसकट, मोज्यासकट डावा पाय काळ्या कापडाखाली सरकवला.

“किती वर्षं त्रास आहे?” सरांनी विचारलं.

“एकतीस वर्षं, सर.”

“मुंग्या येतात?”

“एकही नाही.”

“बघा,” सर लोकांकडे वळले, “किती खोल झोप आहे.” त्यांनी कळ दाबली. पडद्यावर जाळी उमटली, तिरक्या रेघेसकट. आकडा आला दोनशे बारा. पेटी गुणगुणली, सरांनी डोळे मिटून हात फिरवला, आणि चित्र बदलून आकडा झाला दोनशे चाळीस. “पहिल्याच बैठकीत अठ्ठावीस नव्या केशवाहिन्या. काका, ऊब जाणवते?”

“ऊब कशी जाणवेल, सर?” काका म्हणाले. त्यांनी विजार वर केली, पट्टे सोडले, आणि पाय काढून टेबलावर ठेवला. लाकूड वाजलं ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. “सागवान आहे. पण दोनशे चाळीस म्हणजे चांगलंच म्हणायचं.”

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं सभागृह हसलं. मोजणीबाई उठून उभी राहिली. तिने रेघ दाखवली, घडी दाखवली, आणलेला तक्ता उलगडला. “हे पाचही फोटो एकाच काचेचे आहेत, मी काढलेले. पेटीत फार तर तापणारा दिवा असेल, दुसरं काही नाही. तुमच्यापैकी कुणाच्याही पायाचं चित्र या पडद्यावर कधी आलेलं नाही.” दोन मिनिटं तिला खरंच वाटलं, की संपलं. पुराव्यापुढे माणूस कुठे जाणार?

माणूस कुठेही जातो. सरांनी तो लाकडी पाय दोन्ही हातांनी उचलला, हळुवार, तान्हं मूल घ्यावं तसा. त्यांचा चेहरा जराही पडला नव्हता.

“काका,” ते म्हणाले, “खरं सांगा. गेलेल्या पायाचा अंगठा कधी खाजतो?”

काका प्रामाणिक माणूस. ते घुटमळले. “कधीमधी खाजतो. तसं होतं म्हणतात, पाय गेलेल्या पुष्कळांना.”

“पाय गेला, आठवण गेली नाही,” सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज गहिवरला. “यंत्राने ती आठवण पकडली. माझ्याही ध्यानात नव्हतं, की ते इतकं सूक्ष्म आहे. आणि ताईंच्या फोटोत तीच रेघ आहे म्हणता? असणारच. सगळ्यांच्या हातावर रेषा असतात, तशी सगळ्यांच्या पायात ती रेषा असते. ताईंनी एवढ्या मोठ्या संस्थेच्या वतीने आज त्यावर शिक्कामोर्तब केलं. आपण त्यांचे आभार मानू.”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठी. दहा-बारा जण उठून काठ्या टेकत बाहेर गेले, हे सांगायला हवं. पण बाकीचे बसून राहिले आणि बेकरीवाल्या आजी डोळे पुसत म्हणाल्या, “आठवणसुद्धा पकडतं गं बाई.”

बावीस वर्षांत मोजणीबाई जे शिकली, ते सगळं सांगून झालं होतं. ती दादाकडे वळली, त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्याचा मोजा ओढून काढला. तो नको नको म्हणत राहिला. करंगळी कोळशासारखी, शेजारची दोन बोटं जांभळी, आणि असा वास, की आजूबाजूच्यांनी नाकाला पदर लावले. तिने पाय उचलून तळवा बघितला. टाचेच्या जरा पुढे एक चमकतं टिंब होतं. तिने ते नखांत धरून ओढलं. एक टाचणी बाहेर आली, पूर्ण लांबीची, दुकानातल्या डबीतली, रंगीत डोक्याची.

दादा टाचणीकडे बघत राहिला. “ही कधी गेली?” त्याने विचारलं.

“तुला ठाऊक असेल.”

“मला काहीच नाही कळलं.” तो हे इतक्या हळू म्हणाला, की फक्त तिला ऐकू आलं.

पण वरून सरांनी पाहिलं होतं. “बघा,” ते म्हणाले, “टाचणी रुतली तरी वेदना नाही. सहा बैठकांचा परिणाम.” पुन्हा टाळ्या पडल्या.

दादाने टाळ्या वाजवल्या नाहीत. शिंप्याच्या जन्मात हजार वेळा टाचणी टोचते, आणि ती टोचते म्हणून तर हात वाचतो. हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवून उठायचा प्रयत्न केला. “ठमे,” तो म्हणाला, “दवाखान्यात चल.”

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाय तपासला, मोजणीबाईला बाजूला घेतलं आणि सांगितलं, “दुखत नव्हतं, कारण नसा मेल्या होत्या. रक्त तर पोचतच नव्हतं. महिन्यापूर्वी बोट होतं हो. आता गुडघ्याखालून.”

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दादाने तिला जवळ बोलावलं. “कापणारच आहेत, तर त्याचं एकदा खरं माप घे. मी सही करतो. तुमच्याकडे सही लागते ना?”

तुकडा आला. इतर तुकड्यांबरोबर त्याचे काप झाले आणि नावं झाकून चाळीस काचा तिच्यापुढे आल्या. त्यांतली दादाची कोणती, हे तिला माहीत नव्हतं आणि माहीत असायला नको होतं. तिने पहिल्या काचेवर पट्टी ठरवली आणि मग हात लावला नाही. विरळ ठिपक्यांची प्रत्येक काच तिला दादाची वाटली, आणि प्रत्येक वेळी पट्टी केसभर ढिली करावी, असं मनात आलं. कुणाला कळलंही नसतं. पण तिने ती हलवली नाही. मोजणी संपल्यावर नावं उघडली आणि ती आकडा घेऊन दुकानात गेली.

“स्नायूच्या शंभर तंतूंमागे ऐंशी केशवाहिन्या,” ती म्हणाली. “आमच्या मोजणीत चांगल्या पायात दीडशेच्या वर निघतात.”

दादा कुबडी बाजूला ठेवून मशीनपाशी बसला होता. मशीनला आता विजेची मोटर लावली होती. “तो तीनशे अठ्ठ्याऐंशी म्हणत होता,” तो म्हणाला. “कशाचे तीनशे अठ्ठ्याऐंशी?”

“ते त्याने सांगितलं नाही.”

“आणि मी विचारलं नाही. चाळीस वर्षं मापं घेतोय मी. कुणी नुसतं बारा म्हणालं, तर बारा काय, इंच की मीटर, हे विचारल्याशिवाय कात्री लावत नाही. आणि हे विचारलं नाही.” ती टाचणी त्याने मशीनच्या कडेला, टाचण्यांच्या गादीत खोचून ठेवली होती. मोजणीबाईला रडू आलं आणि ती रडली. त्याने तिला रडू दिलं.

जाळीवाले सरांना काही झालं नाही. पत्राला उत्तर आलं नाही. त्यांनी शेजारच्या गावात सभागृह घेतलं आणि आता फलकावर नवी ओळ होती: ‘गेलेल्या पायाचीही स्मृती जागवतो’. ही बातमी आणली समोरच्या चावीवाल्याने. तो विजारीचं माप द्यायला आला होता आणि उजवा पाय जरा ओढत होता.

“तुमचं जे झालं ते वाईटच झालं,” तो दादाला म्हणाला. “पण तुमच्या सातातल्या सहाच बैठका झाल्या ना? आणि काही म्हणा, आकडा संगणकावर येतो.”

दादाने त्याच्या कमरेला फीत लावली. “चोपन्न,” तो म्हणाला.

“चोपन्न? अहो, माझी चौतीस.”

“फीत माझ्या हातात आहे, आकडा मी वाचणार. माझ्यावर विश्वास ठेवू नका, फितीवर ठेवा.”

चावीवाला हसला. दादा हसला नाही. “आकडा कशाचा आहे, ते विचारा. फीत कुणी धरली आहे, ते बघा. आणि त्याच्या पेटीत पाय ठेवायच्या आधी एखाद्या टेबलाचा पाय ठेवून बघा. चांगला माणूस असेल तर ठेवू देईल, रागावणार नाही. माझ्या बहिणीने मला हेच सांगितलं होतं. मला ते घरचं वाटलं, म्हणून खोटं वाटलं.”

“दवाखाना याच रस्त्यावर आहे,” मोजणीबाई म्हणाली. “आत्ता चला, मी येते बरोबर.”

चावीवाल्याने तिच्याकडे बघितलं, मग दादाच्या विजारीच्या रिकाम्या पायाकडे, आणि मग रस्त्याकडे. “जाईन की दवाखान्यात,” तो म्हणाला. “पण आधी दोन बैठका करून बघतो. करून बघायला काय जातं?”

दादाने फीत गुंडाळून गळ्यात अडकवली.

“पाय जातो,” तो म्हणाला.